बारावं नाव

रहिमतपूर
१७ ऑगस्ट २०२५

लालासाहेब,

सलाम, नमस्कार, रामराम, काहीच घालत न्हाई. सव्वीस वर्षांत मी घातलेला एकबी तू घेतला न्हाईस. फोन लावला की कापतोस. म्हणून हे पत्र. पाकिटावर माझं नाव मुद्दाम टाकलं न्हाई, न्हाईतर तू न फोडताच फाडून टाकलं असतंस. आता फोडलंयस तर वाच.

परवा शाळेपुढं गावच्या जवानांचा दगड उघडला. फौजेत गेले आन् परत आले न्हाईत त्यांची नावं. काळा ग्रॅनाईट, सोनेरी अक्षरं. तुझा गुडघा नवा बसवलाय, तू तिकडं कुपवाडला खाटंवर पडून, तवा तुला यायला जमलं न्हाई. बरं झालं आला न्हाईस. दगडावर बारा नावं पायजेत, अकराच हायत. तुझ्या भावाचं, तानाजीचं नाव न्हाई.

दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत माझ्याकडनं कळावं म्हणून लिहितोय. जवानांचं रजिस्टर माझं हाय हे सारं गाव जाणतं. तवा पैल्याच पत्रात लिहून ठेवतो, चूक माझी न्हाई.

चूक त्या नव्या डेटाबेसची हाय, आन् तो आणणारीची. सरपंचाची सून, रेश्मा. पुण्यातल्या कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम गावात बसून करती. मे महिन्यात माझ्या दुकानात आली. म्हणाली, "हुसेनकाका, दगडासाठी नावं काढायचीच हायत, तर तुमचं सगळं रजिस्टर नव्या डेटाबेसमधी घेऊ या. उद्या फ्लॉपी गेली तर दोनशे चौदा जवान जातील." मी म्हणालो, पोरी, ही फ्लॉपी तुझ्या जन्माच्या आधीपास्नं चालतीया, तू तुझ्या मशीनचं बघ.

आन् खोटं न्हाई सांगत. तूच आणलेलं मशीन हे, अठ्ठ्याऐंशी साली, परदेशी निघालेल्या तुझ्या साहेबानं विकलेलं. कीबोर्ड आता चहासारखा पिवळा झालाय. ड्राइव्हचा पट्टा तीनदा तुटला, तिन्ही वेळा मी टेपरेकॉर्डरचा पट्टा कापून बसवला. कपॅसिटर सगळे बदलले. पडद्यावर हिरवी अक्षरं, अजून ठसठशीत. बटण दाबलं की दोन सेकंदात तयार. रेश्माचा लॅपटॉप "अपडेट हुतंय, बंद करू नका" म्हणत माझ्या टेबलावर वीस मिनिटं गोल गोल फिरत व्हता, तवर मेहरुननं चहा केला, तिनं पिला, कप धुऊन झाला.

डीबेस, म्हणजे ह्या मशीनवरचा माझा जुना डेटाबेस, उघडला की पडद्यावर एक ठिपका येतो. बस्स. तो ठिपका आन् तू. जे पायजे ते इचार, जेवढं इचारलं तेवढं सांगतो. "तुम्हाला असं म्हणायचं आहे का" म्हणून आगाऊपणा करत न्हाई. एक माणूस, एक ओळ. नाव, बापाचं नाव, घर नंबर, पलटण, कवा भरती, कवा परत.

ह्या बयेनं काय करावं? एका माणसाची पाच टेबलं केली! नाव एकात, घर दुसऱ्यात, पलटण तिसऱ्यात. मी म्हणालो, अगं, माणूस हाय का वाटणीला काढलेलं रान? तर म्हणती, "काका, एक जवान तीन पलटणीत फिरला तर तुमी त्याला एका ओळीत कसा बसवता?" मी दुकानाचं शटर ओढलं.

त्या पाच टेबलांच्या जोडाजोडीत तानाजी कुठंतरी निसटला. दुसरं काय? बर्फात गेलेला माणूस, सत्त्याऐंशी साली. मयत आलं न्हाई, नुसती ट्रंक आली. तुझ्या आईला, धोंडुमावशीला, हात टेकायला समाधी न्हाई, काही न्हाई. तिच्या हयातीत एवढा एक दगड व्हायचा व्हता, त्यातबी ह्यांनी घाण केली.

धोंडुमावशीला अजून कळलेलं न्हाई. डोळ्यानं दिसत न्हाई ते बरंच म्हणायचं. ती कार्यक्रमाला आली व्हती, पुढच्या खुर्चीत बसली, खूश हाय. त्यावर जास्त इचारू नको.

हुसेन

*

रहिमतपूर
३१ ऑगस्ट २०२५

लालासाहेब,

उत्तर न्हाई. अपेक्षाबी नव्हती. पण ऐकून घे.

काल चावडीत बैठक झाली. सरपंच, शाळेचे गुरुजी, पंधरा-वीस माणसं. मी उभा ऱ्हायलो आन् माझा तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हणालो, सदतीस वर्षं मी हे रजिस्टर ठेवतो. दर सव्वीस जानेवारीला शाळेत उभं ऱ्हाऊन बारा नावं वाचतो, तानाजी दर साली त्यात असतो. एकदा सुटला असंल तर माझी दाढी भादरा. आन् ह्यांच्या ढगातल्या डेटाबेसमधी चार महिन्यांत माणूस गायब! ढगात ठेवलेलं ते वाऱ्यावर जाणारच की!

लोक हसले. टाळ्याबी वाजवल्या एक-दोघांनी. मला लय बरं वाटलं.

मग रेश्मा उभी ऱ्हायली. पदर न्हाई, ड्रेस घातलेला, हातात मोबाईल. मला वाटलं आता ही इंग्रजीत काहीबाही सांगणार. ती एवढंच म्हणाली, "चूक माझी हाय. मी नावं तपासायला पायजे व्हती." आन् खाली बसली. सासरा मान खाली घालून बसला. बैठक संपेपर्यंत ती माझ्याकडं बघत व्हती. रागानं बघत व्हती म्हणावं तर तसंबी न्हाई. मला ते काही आवडलं न्हाई.

घरी येऊन मेहरुनला सांगितलं, कसा सरळ केला सगळ्यांना. मेहरुनचं तोंड तुला ठाऊकच हाय. म्हणाली, "लेकराएवढ्या पोरीला चारचौघांत रडवून आलासा, लय मोठी लढाई मारलीसा. आता त्या डब्ब्याशीच निकाह लावून घ्या." तिला काय कळतंय डेटाबेसमधलं.

आता तू म्हणशील, हुसेना, तुला एवढा राग कशाचा? सांगतो. तुझाच राग हाय. नव्याण्णव साली तू पेन्शनीवर आलास, संगं नवं मशीन, त्यात नवं खिडक्यावालं सॉफ्टवेअर. सव्वीस जानेवारीला माझं वाचन झालं आन् तू साऱ्या शाळेपुढं माईक घेऊन म्हणालास, "हुसेनचं हे डबडं आता मोडीत घाला, यादी मी नव्यानं करतो." पोरं खो-खो हसली. गुरुजी हसले. तू स्वतः आणलेलं मशीन! आपण दोघांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्या माडीवर बसून एकेक नाव घातलेलं! तू रजेवर आलास की घरोघरी जाऊन डिस्चार्ज बुकं बघायचास, मोठ्यानं वाचायचास, मी टाइप करायचो. आन् तानाजीचं नाव आलं तवा मी तुझ्या हातातला कागद घेतला आन् बघून घातलं. त्या मशीनला तू डबडं म्हणालास.

तुझी नवी यादी झाली का कधी? न्हाई. तू कुपवाडला वर्कशॉपच्या नोकरीला गेलास, ते मशीन दोन वर्षांत बंद पडलं. माझं चालू हाय.

तवा आता तरी मान, की माझं बरोबर व्हतं.

हुसेन

*

रहिमतपूर
११ सप्टेंबर २०२५

लालासाहेब,

आलं तुझं उत्तर. सव्वीस वर्षांनी चार ओळी! हात झिजला असंल. मी त्या चारी ओळी हितं परत लिहितो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाच कळंल.

"डबडं आन् तक्रार दोन्ही माझ्या दारात नको. आईला कळू देऊ नको. त्या सुनेनं दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत साऱ्या गावापुढं माझ्या भावाची माफी मागावी, असं मी सरपंचाला कळवलंय. मगच दुसरं बोलू."

वा रं वा! मी तुला कळवलं, बातमी माझी, रजिस्टर माझं, आन् माझ्या नावाचा पत्रात पत्ताच न्हाई! "हुसेन" एवढी तीन अक्षरं लिहायला तुझ्या पेनातली शाई सरली काय? नुसतं डबडं!

आन् ऐक, ते सरपंचांनी लगोलग मान्यबी केलंय. रेश्मानं ग्रामसभेत उभं ऱ्हाऊन हात जोडायचे. म्हणजे ह्यापुढं ह्या गावात ती "तानाजीला पुसणारी" म्हणूनच जगणार. बायका आतापास्नंच पाणवठ्यावर तेच बोलत्यात, मेहरुन सांगती. मला त्याचं वाईट वाटतंय असं न्हाई. चूक केली तर भोगा. पण गड्या, तू कडक बोलतोस लय. ती म्हणाली की चूक माझी. अजून किती वाकवायचं माणसाला?

तुला वाटत असंल, हुसेन का मऊ पडला. मऊ-बिऊ काही न्हाई. मी तुझ्यापुढं पुरावाच ठेवतो. माझ्या मशीनवरनं यादी छापतो आन् पुढच्या पाकिटात घालतो. डॉट मॅट्रिक्सची रिबीन वाळलीया, तिला तेलाचा हात लावलाय. बारा नावं तुझ्या डोळ्यानं बघ, आन् मग मला डबडं म्हण.

एक सांगायचं ऱ्हायलं. आईला कळू देऊ नको म्हणतोस. ठीक हाय. पण ती रोज सकाळी दगडाकडं जाती. शेजारची चंद्राबाई तिला हात धरून नेती. मी दुकानाला जाताना दिसती. मी दुसऱ्या रस्त्यानं जातो आताशा.

हुसेन

*

रहिमतपूर
१९ सप्टेंबर २०२५

लाला,

पाकिटात यादी न्हाई. शोधू नको.

यादी छापली. माझ्या प्रोग्रामनं छापली, बाराच्या बारा नावं, सहावं तानाजी. मी कागद मेहरुनच्या नाकापुढं धरला, बघ म्हणालो. ती पीठ मळत व्हती. म्हणाली, "हितं हाय, मग तिच्याकडंच कसं गळलं? अकरा आले आन् हा एकटाच कसा ऱ्हायला? एकदा नीट बघा की." मी म्हणालो, तुला काय कळतंय. आन् बघायला बसलो.

माझा प्रोग्राम बाजूला ठेवला. ठिपक्यापुढं नुसतं "लिस्ट" टाइप केलं. दोनशे चौदा ओळी हिरव्या हिरव्या वर सरकायला लागल्या. सत्तेचाळीस नंबरला थांबवलं. तानाजीच्या नावाआधी एक तारा व्हता.

तुला आठवत असंल, न्हाईतर सांगतो. डीबेसमधी ओळ डिलीट केली की ती जात न्हाई. नावाआधी तारा येतो, एवढंच. "पॅक" म्हटलं तर ती खरी जाती. तवर "रिकॉल" म्हटलं की तारा निघतो, ओळ परत सरळ. म्हणूनच मला हा डेटाबेस आवडतो, माणसाला सावरायला जागा ठेवतो, असं मी त्या रेश्माला शंभरदा ऐकवलंय.

तो तारा मी टाकलाय. दुसरं कोण टाकणार? त्या मशीनला दुसरं कुणी हात लावत न्हाई.

नव्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला शाळेतनं तसाच घरी आलो. पोरांचं हसणं कानात. मशीन लावलं. मला तुला पुसायचं व्हतं. तुझं नाव माझ्या रजिस्टरात नको व्हतं. आन् रागात मी नाव टाइप केलं न्हाई, तुझं नाव घ्यायचीबी इच्छा नव्हती. मी घर नंबर टाकला. ह्या घर नंबरचे असतील ते डिलीट. मशीननं सांगितलं, दोन रेकॉर्ड. मी "दोन" वाचलं न्हाई. मशीन बंद केलं आन् जेवलो.

सकाळी राग उतरला. लाज वाटली. तुझी ओळ उघडली आन् "रिकॉल" म्हणालो. रिकॉल नुसतं म्हटलं तर ज्या ओळीवर उभा हायस तेवढीच परत येती. तुझी आली. त्या घरात दुसरा जवान हाय, तो बर्फात हाय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तू परत आलास आन् तानाजी तसाच ऱ्हायला, तारा घेऊन, सव्वीस वर्षं. माझा वाचायचा प्रोग्राम तारा बघत न्हाई, वरपास्नं खालपर्यंत परत न आलेल्यांची नावं घेत जातो, म्हणून मी दर साली त्याचं नाव शाळेत छाती फुगवून वाचत आलो.

आन् एवढ्यावर भागलं असतं तर लाला, मी तुला हे तोऱ्यातच सांगितलं असतं, की चूक माझी, मशीनचा काय दोष? पण रेश्मानं मला इचारलं व्हतं. जूनमधी. मोबाईलवर. "काका, रेकॉर्ड नंबर ४७ वर डिलीटची खूण आहे. घेऊ की सोडू?" मी काय लिहिलं सांगू? "पुसलेलं ते पुसलेलं. माझं रजिस्टर मला शिकवू नकोस." नंबर उघडून बघायचे कष्टबी घेतले न्हाईत. शटर ओढलं त्या दिवसाचा राग डोक्यात.

काल तिच्या घरी गेलो. ती सोप्यात लॅपटॉप घेऊन बसली व्हती. मी म्हणालो, पोरी, त्या दिवशी तुझ्या हातात मोबाईल व्हता. माझा मेसेज त्यात व्हता. का दाखवला न्हाईस? तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "दाखवून काय झालं असतं काका? तुमी परत शाळेत नावं वाचायला उभं ऱ्हायला नसता. आन् मीबी नंबरच बघितला की, नाव बघितलं न्हाई. चूक माझीबी हायच." मी म्हणालो, अगं पण ग्रामसभेत हात जोडायला लावतायत तुला. तर म्हणाली, "जोडीन. त्या म्हाताऱ्या आजीसाठी जोडायचे हायत, त्यात काय कमीपणा." मला तिथं बसवंना. पाणीबी न पिता आलो.

आता जे पैल्या पत्रात लपवलं ते सांगतो. जास्त इचारू नको म्हणालो व्हतो, ते.

पंधरा ऑगस्टला पडदा निघाला. मी पुढंच व्हतो. अकरा नावं वाचली, परत वाचली, तानाजी न्हाई. अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तवढ्यात धोंडुमावशी खुर्चीतनं उठली. माझा आवाज तिला वळखू येतो. म्हणाली, "हुसेना, हितं हायस न्हवं? माझ्या तानूवर माझा हात ठीव." सारं गाव बघत व्हतं. मी तिचा हात धरला आन् दुसऱ्या जवानाच्या, दिनकरच्या नावावर ठेवला. पाचवी ओळ.

तिनं अक्षरावरनं बोटं फिरवली. एकेक अक्षर, सावकाश. म्हणाली, "लय खोल कोरलंय रं. आता जाणार न्हाई." मग पदरानं ते नाव पुसलं, आपण लेकराचं तोंड पुसतो तसं.

तवापास्नं रोज सकाळी ती येती. वरनं चार ओळी बोटानं मोजती आन् पाचवीवर हात ठेवून बसती. दिनकरची बायको माया, तीबी फुलं घेऊन येती. नवऱ्याच्या नावावर दुसऱ्याच्या आईचा हात बघती आन् झाडाखाली उभी ऱ्हाती. मावशी उठून गेली की मग पुढं हुती. तिनं एका शब्दानं कुणाला सांगितलं न्हाई. मी ते बघितलं आन् रस्ता बदलला. असा मी, सदतीस वर्षं रजिस्टर ठेवणारा.

सत्तेचाळीस नंबरवर उभं ऱ्हाऊन मी रिकॉल केलं. तारा गेला. पडद्यावर निघाला, दगडावर काय? साताऱ्याच्या पाथरवटाला बोलवलंय. एकोणतीस तारखेला येतो. अकराव्या नावाखाली एका ओळीची जागा हाय, तितं तो तानाजीचं नाव कोरणार. रेश्मानं मजकूर लिहून दिलाय, मी तीनदा वाचलाय, तिनंबी वाचलाय.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभेत रेश्मा उभी ऱ्हाणार न्हाई. मी ऱ्हाणार. सगळं सांगणार, तुझ्यावरचा राग, घर नंबर, मेसेज, सगळं. मग शाळेत नावं वाचायला दुसरा कुणी बघा. तुला मला मोडीत घालायचं असंल तर त्या दिवशी घाल, मी वर बघणार न्हाई.

पण त्याच्या आधी तुझ्या आईला सांगावं लागंल, की मावशी, इतके दिवस तुझा हात दुसऱ्याच्या लेकावर व्हता. ते मीच सांगणार. शिव्या मलाच खायच्या हायत. एक मात्र माझ्यानं व्हायचं न्हाई. तिचा हात धरून त्या नव्या ओळीवर तू ठेव. काठी घेऊन ये, रिक्षानं ये, कसाबी ये. कारण मी धरला, तर एवढं सगळं ऐकूनसुदिक ती माझ्यावर परत इश्वास ठेवंल, आन् ते मला सोसायचं न्हाई.

एकोणतीस तारीख. सकाळी.

हुसेन